दैव आणि घटनांचे स्वातंत्र्य

दोन घटना परस्परस्वतंत्र आहेत असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा एक घडल्याचे कळल्याने दुसरीची संभाव्यता, म्हणजे तिच्या शक्यतेचे अंकांतील माप, बदलत नाही, आणि म्हणून दोन्ही घडण्याची संभाव्यता त्या दोन मापांच्या गुणाकाराइतकी भरते. ही कसोटी दैवाच्या प्रश्नाला थेट भिडते. जव्हार आणि मोखाडा तालुके ठाणे जिल्ह्यात असताना, १९९२ साली, तिथल्या वावर-वांगणी या गावांतील कुपोषणाचे बालमृत्यू राज्यभर गाजले. अशा ठिकाणी एकाच घरातील दोन मुलांचे मृत्यू स्वतंत्र मानून गुणाकार केला, तर उत्तर इतके लहान येते की दैवी कोपावाचून दुसरे स्पष्टीकरणच उरत नाही असे भासते. परंतु चूक गुणाकाराच्या आधीच झालेली असते. पावसाळ्यात संपत आलेली नाचणी-वरई, आईचा अशक्तपणा, मजुरीसाठीचे स्थलांतर आणि दूरचा दवाखाना ही कारणे दोन्ही मुलांना समाईक असतात. इंग्लंडमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क या मातेवर त्यांच्या दोन मुलांच्या मृत्यूंवरून चाललेल्या खटल्यात हाच गुणाकार पुरावा म्हणून मांडला गेला. २००३ साली त्यांची शिक्षा रद्द झाली.

दोन मृत्यूंमागे काही समाईक आहे ही दैववाद्याची जाणीव मात्र खरीच आहे, आणि तिचा अव्हेर करणे अन्यायाचे ठरेल. समाईक कारण ज्ञात धरल्यावर घटनांतील संबंध नाहीसा होणे, यास सशर्त स्वातंत्र्य म्हणतात. भूक हिशेबात धरूनही संबंध उरला, तर पुढचे कारण आधी पाण्यात आणि हिवतापात शोधावे लागते.