कूड : खोली की भिंत?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून शिक्षणासाठी आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, सुरतेला जाणारे कितीतरी आहेत. परमुलखात गेलेला माणूस आधी आपल्या गावचे, आपल्या भाषेचे कोणी भेटते का ते पाहतो. मग त्यांचे मंडळ होते. असे मंडळ धरून राहणे योग्य की अयोग्य? त्याने माणूस नव्या जागी रुजतो, की तेथे परकाच राहतो?

मुंबईतील गोवेकर कॅथलिक बांधवांचे उदाहरण पाहू. पोर्तुगीज अमलातील गोव्यातून जहाजावरील नोकरीसाठी, स्वयंपाकी किंवा वादक म्हणून काम शोधण्यासाठी पुरुष मुंबईस येत. त्यांच्यासाठी धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावोगावच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. कोकणीत कूड म्हणजे खोली. अगदी थोड्या वर्गणीत गावकऱ्याला पथारी पसरण्यापुरती जागा आणि पेटी ठेवायला कोपरा मिळे. नोकरीची खबर तेथेच कळे. सायंकाळी गावच्या संताच्या वेदीपुढे सर्व जण मिळून जपमाळेची प्रार्थना करीत. काही कुडी आजही चालू आहेत.

या कुडींनी केवळ निवारा दिला नाही. अनोळखी शहरात एकटा पडलेला माणूस लवकर खचतो, वाईट संगतीला लागतो. रात्री आला नाही तर कोणी विचारपूस करील, ही जाणीवच त्याला सावरते. म्हणून अशा मंडळांना नावे ठेवण्यापूर्वी आपण विचार करावा.

परंतु याला दुसरी बाजू आहे. कुडीत प्रवेश सहसा त्या गावच्या पुरुषालाच असे. शेजारच्या गावचा गरजू दाराबाहेरच. आपल्या मराठीत कूड म्हणजे काड्यांची, शेणामातीने लिंपलेली भिंत. खोलीला भिंत हवीच, पण दार नसेल तर आतला माणूस कोंडला जातो. जे मंडळ नवख्याला हात धरून शहराची भाषा, शाळा, दवाखाना आणि शेजारी यांच्यापर्यंत पोहोचविते, ते त्याचे भले करते. जे त्याला वर्षानुवर्षे आपल्यापुरतेच ठेवते, ते त्याचे नुकसान करते.

मात्र दार दोन्ही बाजूंनी उघडावे लागते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वाचून पाहा. यरुशलेमच्या ख्रिस्तसभेत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना "आधी आमच्यात मिसळा" असे सांगितले नाही, की "तुमची वेगळी सभा करा" असेही म्हटले नाही. मंडळीने सात जण निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून ते काम त्यांना सोपविले. त्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सारी नावे ग्रीक! निकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात नव्याने आलेला. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती सर्वांचे वाटप दिले गेले.

पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या स्थलांतरितांच्या दिनाच्या संदेशात चार कर्तव्ये सांगितली : स्वागत, संरक्षण, उन्नती आणि सामावून घेणे. पहिल्यापाशी आपण थांबतो. हसून नमस्कार केला की झाले, असे वाटते. आपल्याकडे केरळ, झारखंड येथून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आहेत. "ही माणसे आपापल्यातच असतात," असे आपण म्हणतो. पण त्यांच्यापैकी किती जणांना आपण वाचनासाठी बोलावले? सणाच्या तयारीत कोणते काम दिले? सभेत त्यांचे मत विचारले का? ज्याला पाहुणाच ठेवले, तो घरचा कसा होणार?

आणि आपली मुले बाहेरगावी निघाली की फादरांकडून तेथील धर्मगुरूंच्या नावे चिठ्ठी घेऊन द्यावी. तेथे त्यांना कोणी आपले म्हणावे, असे आपल्याला वाटते ना? मग इथे आलेल्यांच्या आईवडिलांनाही तसेच वाटत असेल. इस्राएल लोकांना देवाने हेच बजावले होते : परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता (लेवीय 19:34).

मिसर देशात आश्रय घेतलेले नाझरेथचे पवित्र कुटुंब आपणांस दार उघडण्याची सद्बुद्धी मिळवून देवो.