उद्भवाभोवतीचं वर्तुळ

महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीभोवती एक वर्तुळ आहे. गटनकाशात ते काढलेलं नसतं, सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते आणि शिवारात त्याचा दगडही रोवलेला नसतो. १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचं नियमन करणारा कायदा झाला, त्यातून ते आलं. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय कुणी नवी विहीर खोदायची नाही, बोअर मारायचं नाही, असं त्या कायद्यानं सांगितलं.

वाचायला हे दोन ओळींचं असलं तरी त्यामागं मोठी उलथापालथ आहे. १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्यानं ठरावीक प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या हवाली केलं होतं. बांध माझा, तर बांधाखालचं पाणीही माझंच. शंभरावर वर्षं हीच समजूत शिवारात मुरली. तिला पिण्याच्या पाण्यापुरती वेसण घातली ती १९९३ च्या कायद्यानं. पुढं भूजल विकास आणि व्यवस्थापनाचा २००९ चा अधिनियम आला. तो प्रत्यक्षात लागू व्हायला १ जून २०१४ उजाडला. तो पुष्कळ व्यापक आहे, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवरही बोलतो. पण गावात आणि कचेरीत लोकांच्या तोंडी राहिला तो पाचशे मीटरचा आकडाच.

या वर्तुळाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. नियम पाण्याचा आहे आणि जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही. तेव्हा तो दिसणाऱ्या कशाला तरी बांधून ठेवावा लागतो. कायद्यानं तो अंतराला बांधला आणि बहुतेक गावांत तो तिथून निसटला. ज्या थोड्या गावांनी तो पिकाला बांधला, तिथं तो टिकला. असं का झालं, ते सावकाशीनं पाहण्यासारखं आहे.

सुरुवात खडकापासून करायला हवी. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टवर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, भाकरीच्या चवडीसारखे. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला सच्छिद्र, कुजकट खडक, मध्ये फोडता न फुटणारा काळा पाषाण, आणि दोन थरांच्या सांध्यात कुठंकुठं तांबडी माती. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या फटींत. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत मुरतं तसं ते इथं मुरत नाही. इथल्या मुरमाची पाणी सोडण्याची ताकद ढोबळमानानं दोन टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर जमिनीखालची पातळी मीटरभर उतरली, तर आपल्या हाती दोन लाख लिटर पाणी आलेलं असतं.

विहिरीवर मोटर चालली की विहिरीभोवतीची पातळी शंकूच्या आकारात खाली जाते. शेजारच्या विहिरीचा शंकू आपल्या शंकूला भिडला, की ज्याची विहीर उथळ त्याचे झरे आधी आटतात. सार्वजनिक विहीर बहुतेक वेळा तीच असते. हा शंकू गाळाच्या जमिनीत गोल पसरतो, बेसाल्टमध्ये मात्र फटीच्या दिशेनं लांबतो. धुळे-नंदुरबारकडं तर लाव्हाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, जमिनीत उभ्या आहेत. भिंतीच्या अलीकडं कितीही उपसा केला तरी पलीकडच्या विहिरीला फारसं कळत नाही. म्हणून तीनशे मीटरवरचं बोअर कधी निरुपद्रवी असतं आणि सातशे मीटरवरचं, एकाच फटीवर आलेलं, गावाची विहीर मार्चमध्येच कोरडी पाडतं. टेप धरून मोजलेल्या अंतराला यातलं काही ठाऊक नसतं.

हा आक्षेप भूवैज्ञानिकांचा आहे आणि खरा आहे. पण माझ्या मते नियम त्यामुळं फसला नाही. अंदाजी नियमही लोकांनी पाळला तर उपयोगी पडतो. तो फसला तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण आकड्यांत दिसतं.

दीड हजार वस्तीचं गाव घेऊ. जलजीवन मिशनच्या हिशेबानं माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर गावाला दिवसाला ८२,५०० लिटर लागतं, वर्षाला तीन कोटी लिटर. पाचशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात साडेअठ्ठ्याहत्तर हेक्टर जमीन येते, म्हणजे जवळजवळ १९४ एकर. दोन टक्क्यांच्या हिशेबानं या वर्तुळातली पातळी दोन मीटरनं उतरली, की तेवढ्यात गावाचं वर्षभराचं पिणं भागतं. आता याच वर्तुळातला ऊस मोजू. पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी आणि पावणेचार एकर ऊस यांचा हिशेब सारखाच. एकशे चौऱ्याण्णव एकरांत पावणेचार एकर! ते एखाद्या भावकीच्या दोन वाटण्यांतच बसतात.

आणि हा ऊस बहुतेक ठिकाणी जुन्या विहिरीवर उभा असतो. पाचशे मीटरची अट अडवते ती प्रामुख्यानं नव्या विहिरीला. वर्तुळात आधीपासून असलेल्या विहिरीच्या तळात एखादं उभं बोअर उतरतं, बाजूंना आडवी बोअरं मारली जातात. आडवं बोअर म्हणजे विहिरीत उतरवलेल्या यंत्रानं चारी दिशांना शंभर-दीडशे फूट पाडलेली भोकं. वरून पाहणाऱ्याला विहीर तीच आणि जागाही तीच दिसते. वर्तुळाबाहेर शंभर फुटांवर असलेल्या विहिरीची बोअरं तर बिनबोभाट वर्तुळाच्या आत येऊन पाणी नेतात. मोजणी मात्र विहिरीच्या काठापासून होते.

नव्या बोअरचं काय, तर बोअरची गाडी संध्याकाळी येते. या गाड्या पुष्कळदा तमिळनाडूच्या पाटीच्या असतात, कारण तिथलं तिरुचेंगोडे हे गावच या धंद्याचं माहेरघर. कॉम्प्रेसरची घरघर रात्रभर चालते आणि पहाटेपर्यंत अडीच-तीनशे फूट होऊन जातं. सकाळी शेतात पांढऱ्या-राखाडी भुकटीचा ढीग आणि केसिंगचा एक हात वर आलेला पाइप, एवढंच उरतं. तक्रार करायची ग्रामपंचायतीनं. तक्रारीवर चौकशी, मग भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या अधिकाऱ्याचा अभिप्राय, मग आदेश. आणि ग्रामपंचायतीत बसलेला माणूस हा बोअरवाल्याचा चुलतभाऊ नाहीतर मतदार. तो ‘बघू’ म्हणतो आणि विषय तिथंच संपतो.

मग हा नियम कधीच कुणाला लागत नाही का? लागतो, आणि याची मला खरी चीड येते. रोजगार हमीतून सिंचन विहीर घ्यायची असेल, तर पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटर अंतराची अट असते. अर्जासोबत दाखले लागतात आणि पंचायत समितीचा अभियंता अंतर तपासतो. म्हणजे नियम लागतो तो कचेरीत अर्ज घेऊन आलेल्याला. ज्याच्याकडं दीड एकर आहे आणि विहिरीला अनुदानाशिवाय दुसरी वाट नाही, त्याची विहीर वर्तुळात येते म्हणून नामंजूर होते. बांधापलीकडचा स्वतःच्या पैशानं गाडी बोलावतो. त्याला परवानगी मागायचीच नसते, त्यामुळं नाकारायला कुणी समोर येतच नाही.

उन्हाळ्यात गोष्ट आणखी पुढं जाते. गावाची विहीर आटली की तहसीलदार खाजगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित करतात आणि मालकाला दिवसाच्या दरानं भाडं देतात. ज्या पाणीसाठ्यातून उपसा झाला म्हणून गावाची विहीर आटली, त्याच साठ्यातलं पाणी सरकार भाड्यानं घेऊन गावाला पाजतं. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, कायदेशीर आदेशानंच तो पाणी देतो. पण वर्तुळाच्या नियमाला याहून मोठी चपराक दुसरी नसेल.

इथं एक आठवण करून द्यावीशी वाटते. कठीण खडकात झपाट्यानं भोक पाडणारी यंत्रं ग्रामीण महाराष्ट्रात मुळात आली ती पिण्याच्या पाण्यासाठीच. दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या तेव्हा मिशनऱ्यांनी आणि युनिसेफनं ती आणली. जालना आणि सोलापूर इथं त्या बोअरांवर बसवायचे हातपंप घडले आणि त्यांच्यावरूनच पुढं देशभर गेलेला इंडिया मार्क टू तयार झाला. पुढं त्याच यंत्रानं शेतीचं पाणी काढायला सुरुवात केली, तेव्हा हातपंपाचं पाणी खाली गेलं.

दुसरीकडं लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहायला जर्मनीचं उदाहरण चांगलं आहे. तिथं पिण्याचं बरंचसं पाणी जमिनीखालून येतं. संरक्षित पट्टे आखताना ते मीटरांबरोबर दिवसही मोजतात. विहिरीला अगदी लागून एक छोटा पट्टा असतो. त्याबाहेरचा पट्टा जमिनीखालच्या पाण्याला विहिरीपर्यंत यायला पन्नास दिवस लागतात तिथपर्यंत जातो, कारण तेवढ्या काळात रोगजंतू बहुतेक मरतात. त्यांची काळजी घाणीची आहे, आपली आटण्याची, म्हणून त्यांचं माप आपल्याला जसंच्या तसं चालणार नाही. पण त्या पट्ट्यात शिरताना रस्त्यावर पाटी असते आणि पाटीवर टँकरचं चित्र! आपल्याकडं टँकर म्हणजे पाणी आलं. तिथं त्याचा अर्थ घातक माल घेऊन जाणाऱ्यानं जपून जावं असा. शेणाची स्लरी कुठं टाकायची नाही हेही ठरलेलं असतं आणि ती टाकली तर शेजाऱ्याला नाकानं कळतं. नियम डोळ्यांपुढं ठेवलेला आहे.

आपल्याकडं काळाला नियम बांधायची सोय १९९३ च्या कायद्यातही होती. टंचाई जाहीर झाल्यावर उद्भवापासून किलोमीटरभरातल्या विहिरींचा उपसा जिल्हाधिकारी रोखू शकत होते, आणि अतिउपसा झालेल्या पाणलोटात फेब्रुवारी ते जुलै उपसाबंदी करता येत होती. कागदावर हे कलम पाचशे मीटरच्या अटीपेक्षा कितीतरी शहाणं होतं, कारण ते खोदण्यावर बोट न ठेवता उपशावर ठेवत होतं. पण फेब्रुवारीत शेतकऱ्याचं उन्हाळी पीक उभं असतं. उभ्या पिकाचं पाणी तोडायला कुठला अधिकारी धजेल? धजलाच तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. बंदी घालायची तर पीक लावण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरात घालायला हवी. तेव्हा विहीर भरलेली असते आणि टंचाईचं नावही कुणी काढत नाही.

नेमकं हेच हिवरे बाजारनं ओळखलं. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाची कहाणी इतकी सांगून झाली आहे, की पुन्हा सांगायला संकोच वाटतो. पण तिच्यातला एक धागा सहसा कुणी उलगडत नाही. पावसाळा संपला की गावातल्या पर्जन्यमापकावरचा पाऊस, विहिरींच्या पातळ्या आणि मुरलेल्या पाण्याचा अंदाज ग्रामसभेपुढं येतो. माणसांचं आणि जनावरांचं पिणं आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यात रब्बी कोणती व किती, ते ठरवतात. ऊस आणि केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही. गावाचे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांचं नाव या सगळ्याशी जोडलं जातं ते रास्तच आहे. सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादनंही सिंचनासाठी बोअर न घेण्याचं ठरवलं आणि विहिरी वाटून घेण्याची वाट धरली.

या ठरावांत अंतर मोजायचं नाही, शंकू शोधायचा नाही. कुणाच्या शेतात ऊस उभा आहे, हे एसटीच्या खिडकीतूनही दिसतं. ऊस रात्रीत लपवता येत नाही आणि केळीची बाग कुणी चुलतभावाच्या नावावर ढकलली तरी ती बागच राहते. आडवी बोअरं कुणी कितीही मारली, तरी ती काढतील ते पाणी शेवटी कुठल्या ना कुठल्या पिकावरच दिसणार. गावाला विहिरीत वाकून पाहावं लागत नाही, बांधावरून जाता-येता नजर टाकली की पुरते.

अर्थात याची किंमत आहे, आणि ती कोण देतो हे विचारायलाच हवं. ऊस हे आपल्याकडं हमखास पैशाचं पीक आहे. ते सोडायचं तर बदल्यात काय, याचं उत्तर गावाकडं हवं. हिवरे बाजारला ते दुधात आणि भाजीपाल्यात सापडलं, कारण गवतासाठी चराईबंदी आधीच झाली होती. ज्या गावात असं काही नाही, तिथं ऊसबंदीचा ठराव म्हणजे बागायतदाराकडून दान मागणं, आणि ते दान एका हंगामापलीकडं टिकत नाही. अलीकडं शेतावर सौर पंप बसू लागले आहेत. पूर्वी वीज रात्री आणि मोजके तास यायची. त्या गैरसोयीनंही उपशाला थोडा लगाम बसत असे. आता उन्हं आहेत तोवर पाणी. ठरावात हेही धरावं लागेल.

आणि सगळ्यात अवघड जागा शिवेवर आहे. पाण्याचा साठा गावाची हद्द मानत नाही. वरच्या अंगाच्या गावानं केळी लावली, तर खालच्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव तिथं चालत नाही. २००९ च्या अधिनियमातली पाणलोट पातळीवरच्या समितीची कल्पना यासाठीच आहे. ती समिती जिथं बसलेली नाही, तिथं खालच्या गावातल्या चौघांना दसऱ्याच्या सुमाराला वरच्या गावी जावं लागतं. सोबत आपल्या विहिरीच्या पातळीची वही हवी, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या नोंदींची, कारण भूजल यंत्रणाही वर्षातून त्याच चार वेळा पातळी घेते. बोलणं कायद्यापासून सुरू केलं तर समोरचा उठून जाईल. यंदा उन्हाळी पिकाऐवजी हरभऱ्यावर भागवता येईल का, एवढाच प्रश्न त्या दिवशी पुढ्यात ठेवायचा असतो.