केऑस शोधायचा कुठे?

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आजोबा, क्वांटमचं समीकरण इतकं साधं, मग त्यात केऑस शिरतो कुठून?" तोंडी नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

कणीक मळताना चिमूटभर हळद टाकून बघ. ताण, घडी घाल, पुन्हा ताण. शेजारचे दोन कण बघता बघता गोळ्याच्या दोन टोकांना जातात. हा आपल्या ओळखीचा केऑस. क्वांटममध्ये असं होत नाही. दोन अवस्थांमधलं साम्य सुरुवातीला जेवढं, तेवढंच शेवटपर्यंत टिकतं. श्रोडिंजरचं समीकरण त्यांना लांब जाऊच देत नाही. म्हणून अख्ख्या प्रणालीकडे बघत बसू नकोस. तिचा एक तुकडा बघ.

2016 साली सांता बार्बराचं विद्यापीठ आणि गूगल इथल्या नील, रूशान, मार्टिनिस वगैरे मंडळींनी नेमकं हेच केलं. तीन अतिवाहक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक, घेतले, तिघांचीही दिशा एकच. प्रत्येकाला ठरावीक कोनातून फिरवायचं, मग थोडा वेळ एकमेकांशी जोडायचं, आणि हेच पुन्हा पुन्हा. हा धक्के खाणारा भोवरा, 'किक्ड टॉप'. मग त्यांनी एकेका क्यूबिटची एन्ट्रॉपी मोजली. ती चढली, की त्या क्यूबिटची स्वतःची पक्की अवस्था उरली नाही असं समजायचं. माहिती हरवलेली नसते, ती तिघांच्या आपसांतल्या गुंत्यात गेलेली असते. सुरुवातीची दिशा बदलत त्यांनी याचा नकाशा काढला. जुन्या यामिकीत भोवरा जिथे केऑटिक, तिथे एन्ट्रॉपी जास्त; जिथे तो शिस्तीत फिरतो, त्या बेटांवर कमी. अवघ्या तीन क्यूबिटांत हे दिसावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मात्र शिस्तीतली प्रणालीही गुंता करते, हे विसरू नकोस. केऑसमुळे तो साधारणपणे लवकर होतो आणि कमाल मर्यादेजवळ पोचतो. या मर्यादेच्या किती जवळ, याचा अंदाज डॉन पेज यांनी 1993 मध्ये मांडला होता. आपल्याकडे अरुल लक्ष्मीनारायण यांनी या विषयावर 2001 पासून मोलाचं काम केलंय, आणि पुण्याच्या आयसरमध्ये 2019 साली दोन क्यूबिटांचा भोवरा एनएमआर या चुंबकीय अनुनादाच्या तंत्रानं फिरवून पाहिला गेला.

तीन क्यूबिटांचं गणित हातानं सुटतं. सममित अवस्था चारच, त्यांचेही दोन-दोनचे गट पडतात. सुट्टीत येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझा,
आजोबा