आशेचे ओझे

नवा माणूस पदावर आला की त्याच्याविषयी चांगले बोलणे फार सोपे असते. त्याने अद्याप काही केलेले नसते, म्हणून त्याचे काही चुकलेलेही नसते. आपल्या मनात जे जे अपुरे राहिलेले असते ते सारे आपण त्याच्या नावावर मांडतो आणि त्यालाच आशा म्हणतो. ही आशा खरोखर सद्गुण आहे काय? आणि ज्याच्यावर आपण ती ठेवतो, त्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आम्ही येथे एक दूरचे उदाहरण घेत आहोत. ते आहे अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचे आणि तेथील नव्या प्रमुख प्रशिक्षकाचे. खेळाचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच की तेथे आशेचा हिशेब दर शनिवारी गुणफलकावर उघडपणे मांडला जातो.

तेथील फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा, पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारणे, तो फेकणे व झेलणे, असे त्याचे स्वरूप आहे. नियमित हंगामात जेमतेम अकरा-बारा सामने होतात. त्यामुळे एकेक पराभव जिव्हारी लागतो. प्रमुख प्रशिक्षक केवळ डावपेच आखत नाही. तो शाळाशाळांतून सतरा-अठरा वर्षांची मुले हेरतो आणि त्यांच्या आईवडिलांना भेटून शब्द देतो. साहजिकच नव्या प्रशिक्षकाला पहिली काही वर्षे दुसऱ्याने निवडलेल्या मुलांनिशीच खेळावे लागते. ही साधी गोष्ट चाहत्यांच्या लक्षात क्वचितच राहते.

इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली नोटर डेम विद्यापीठाची स्थापना केली. नूट रॉक्नी हे १९१८ ते १९३० या काळात तेथे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, अवघे १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या देशात उपऱ्यासारख्या वावरणाऱ्या कॅथलिक स्थलांतरितांना या विजयांनी मान ताठ ठेवायला शिकवले. १९३१ च्या मार्चमध्ये रॉक्नी विमान अपघातात मरण पावले. तेव्हापासून त्या पदावर येणारा प्रत्येक जण एका दिवंगत माणसाशी तोलला जातो. सामन्याच्या दिवशी चाहते विद्यापीठाच्या आवारातील ग्रोटोपाशी पवित्र मरियेसमोर मेणबत्त्या लावतात. तेथे खेळ आणि भक्ती यांच्यामधली भिंत फार पातळ आहे.

चाहत्यांची आशा अगदीच निराधार असते असे नव्हे. १९६३ साली या संघाने दोन सामने जिंकले व सात गमावले. पुढच्या वर्षी आरा पारसेघियन आले आणि त्याच विद्यापीठाच्या संघाने दहापैकी नऊ सामने जिंकले. शिवाय फ्रँक लेही, पारसेघियन, डॅन डिव्हाइन व लू होल्ट्झ या चौघांनीही आपापल्या तिसऱ्या हंगामात, म्हणजे अनुक्रमे १९४३, १९६६, १९७७ व १९८८ साली, राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तिसरे वर्ष म्हणजे सुगीचे वर्ष, असा एक समजच त्यातून रूढ झाला. योगायोगाचा नेम व्हायला आणि नेमाचा हक्क व्हायला वेळ लागत नाही.

१९८० च्या अखेरीस गेरी फॉस्ट यांची निवड झाली, तेव्हा या हक्काची खरी परीक्षा झाली. फॉस्ट हे सिनसिनाटी येथील मोलर या कॅथलिक माध्यमिक शाळेचे अत्यंत यशस्वी प्रशिक्षक होते. मात्र महाविद्यालयीन संघ त्यांनी कधीच हाताळला नव्हता. ते श्रद्धाळू होते, उत्साही होते आणि नोटर डेमवर त्यांचे निस्सीम प्रेम होते. चाहत्यांना याहून अधिक काय हवे होते? १९८१ च्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या संघाने लुइझियाना स्टेटला २७-९ असे हरवले आणि राष्ट्रीय क्रमवारीत पहिले स्थान मिळवले. पुढच्याच शनिवारी मिशिगनने त्यांना २५-७ असे नमवले. हंगाम संपला तेव्हा पाच विजय व सहा पराभव पदरी होते. पाच वर्षांचा एकूण हिशेब ३० विजय, २६ पराभव आणि एक बरोबरी असा झाला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांच्यातूनच, त्यांच्या आडनावाशी यमक जुळवून, त्यांना घालवून द्या अशा घोषणा उठल्या.

या पाच वर्षांत काय बदलले? माणूस तर तोच होता. त्याची भक्ती, त्याचा प्रामाणिकपणा, त्याचे कष्ट यांत उणे काही झाले नव्हते. बदलला तो फक्त गुणफलक. ज्या सद्गुणांमुळे तो प्रिय होता त्याच सद्गुणांना आता भोळेपणा हे नाव मिळाले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चाहत्यांचे प्रेम त्या माणसावर नव्हतेच. त्याच्यात त्यांना दिसलेल्या आपल्याच उद्याच्या सुखावर ते होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी आशेची चार लक्षणे सांगितली आहेत. तिचा विषय चांगला असतो, भविष्यातला असतो, कष्टसाध्य असतो आणि तरीही शक्य असतो. नव्या प्रशिक्षकाविषयीच्या उत्साहात यातील तिसरे लक्षण गळून पडते. कष्टसाध्य हा शब्द निघून गेला की उरते ती आशा नव्हे, केवळ आगाऊ साजरा केलेला विजय होय. अक्वायनस आणखीही एक भेद करतात. माणसावर साहाय्यक म्हणून, साधन म्हणून आशा ठेवणे योग्य आहे. परंतु आपल्या सुखाचे आदिकारण म्हणून कोणत्याही माणसावर आशा ठेवणे अयोग्य आहे. आम्हांला हा भेद फार मोलाचा वाटतो. कारण ज्याच्या खांद्यावर आपण परमेश्वराचे ओझे ठेवतो, त्याला माणूस म्हणून चुकण्याची मुभा आपण देत नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रशिक्षकाला भरपूर वेतन मिळते. अमेरिकेतील अनेक राज्यांत तो सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर असतो. इतके घेतल्यावर निकालाची अपेक्षा का धरू नये? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळाडू विद्यार्थ्याच्या वाट्याला मोजके हंगाम येतात. मोठ्यांच्या संयमाची किंमत त्या मुलांनी का द्यावी? हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. कोणालाही कायमचे पदावर ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. पण निकाल मागणे वेगळे आणि दिलेला शब्द मोडणे वेगळे.

नोटर डेमने फॉस्ट यांना पाच वर्षांचा शब्द दिला होता. फादर थिओडोर हेसबर्ग तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. बाहेर कितीही गदारोळ झाला तरी विद्यापीठाने तो करार पूर्ण होऊ दिला. पाच वर्षे संपताना फॉस्ट स्वतः पायउतार झाले व होल्ट्झ आले. होल्ट्झ यांच्या पहिल्या हंगामाचा निकाल काय होता? पाच विजय, सहा पराभव. अगदी फॉस्ट यांच्याइतकाच. दोन वर्षांनी, १९८८ साली, तोच संघ अपराजित राहून राष्ट्रीय विजेता झाला. १९८७ साली देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हाइझमन करंडक ज्या टिम ब्राउनला मिळाला, तो फॉस्ट यांच्याच कारकिर्दीत नोटर डेमला आला होता. पेरणी एकाच्या हातून झाली होती आणि मळणी दुसऱ्याच्या खळ्यात झाली. गुणफलक मळणी मोजतो. पेरणी मोजण्याची सोय त्याच्यात नाही.

पुढे याच विद्यापीठाचा संयम सुटला. २००२ साली टायरोन विलिंगहॅम यांनी पहिले आठही सामने जिंकून दिले. त्या विद्यापीठात कोणत्याही खेळाचे प्रमुख प्रशिक्षक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. २००४ साली, तिसऱ्या हंगामाअखेर, मुदत शिल्लक असतानाच त्यांना दूर करण्यात आले. तेव्हाचे अध्यक्ष फादर एडवर्ड मलॉय यांनी या निर्णयाची आपल्याला लाज वाटते, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर आलेल्या चार्ली वाइस यांना पहिला हंगाम संपण्यापूर्वीच, २००५ साली, दहा वर्षांची वाढीव मुदत बहाल झाली आणि २००९ साली त्यांनाही काढून टाकण्यात आले. घाईने झिडकारणे आणि घाईने कवटाळणे या दोन उलट गोष्टी नव्हेत. दोहोंतही समोरच्या माणसाकडे नीट पाहण्याचे कष्ट टाळलेले असतात.

आजचे उदाहरणही बोलके आहे. मार्कस फ्रीमन डिसेंबर २०२१ मध्ये प्रमुख प्रशिक्षक झाले. २०२४ हा त्यांचा तिसरा हंगाम. सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉय या तुलनेने दुबळ्या संघाने त्यांना घरच्या मैदानावर १६-१४ असे हरवले. त्या संध्याकाळी कौल घेतला असता तर तो काय लागला असता, याची कल्पना करणे अवघड नाही. नंतर मात्र याच संघाने लागोपाठ तेरा सामने जिंकून अंतिम फेरी गाठली. २० जानेवारी २०२५ रोजी ओहायो स्टेटने त्यांना ३४-२३ असे पराभूत केले. तिसऱ्या वर्षाचा समज थोडक्यात हुकला. पण सप्टेंबरमधील तो पराभव सोसून चालत राहिलेल्या त्या मुलांनी आशेचा जो अर्थ दाखवला, तो करंडक हुकला म्हणून खोटा ठरत नाही.

मग चाहत्याने काय करावे? आशा जरूर ठेवावी. तिच्याशिवाय ना संघ चालतो ना समाज. धर्मग्रामात नवे प्रमुख धर्मगुरू येतात, शाळेला नवे मुख्याध्यापक लाभतात, संस्थेवर नवे मंडळ निवडून येते, तेव्हा आपणही असेच चाहते असतो. त्या वेळी आपण स्वतःला विचारावे: या माणसाला आपण किती मुदत दिली आहे? ती मुदत आपण पाळणार आहोत काय? आणि त्याचे काम बेताचेच निघाले, तरी त्याला नमस्कार करण्याइतके सौजन्य आपल्यापाशी उरेल काय? या प्रश्नांची उत्तरे स्वागताच्या हारांपूर्वी द्यायची असतात. पराभवानंतर ती प्रामाणिकपणे देणे कठीण जाते.

गेरी फॉस्ट २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी निवर्तले. नोटर डेममध्ये आपल्या वाट्याला दुःखाचे दिवस केवळ सव्वीस आले, आणि ते म्हणजे आपण सामने हरलो ते दिवस, असे ते म्हणत असत. पद गेल्यानंतरही त्या विद्यापीठावरचे त्यांचे प्रेम ओसरले नाही. ज्या चाहत्यांनी त्यांच्यावर आशा ठेवली होती, त्यांच्याहून आशेचा अर्थ त्यांना अधिक समजला होता असे आम्हांला वाटते.