गणित कुठे फसलं?

७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे चांद्रयान-२चा 'विक्रम' लँडर चंद्रावर आदळला. नशिबाला बोल लावून भागणार नव्हतं. उतरतानाची जेवढी माहिती हाती आली होती, तेवढी शास्त्रज्ञांनी पिंजून काढली. पुढच्या यानाचे पाय भक्कम केले, इंधन वाढवलं. अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनाऐवजी चार बाय अडीच किलोमीटरची जागा उतरायला ठरवली. काय काय बिघडू शकेल, हे धरूनच सारी आखणी झाली. मला यातलं हेच फार मोलाचं वाटतं. २३ ऑगस्ट २०२३ला यान अलगद उतरलं.

घरी मात्र मुलाची गणिताची वही उघडली, की आपली नजर लाल फुलीवर जाते आणि आवाज चढतो. आज जरा त्याच्याशेजारी बसा. कुठल्या पायरीवर गणित फसलं, ते त्यालाच शोधू द्या.