घाई कुणाची?

गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून उतारू नेणाऱ्यास ‘पायलट’ म्हणतात. त्याच्यापाशी रीतसर परवाना असतो. पूर्व आफ्रिकेतील युगांडात हाच व्यवसाय ‘बोडा-बोडा’ या नावाने चालतो. तेथे मात्र कित्येकांपाशी कसलाच परवाना नाही. केनियाच्या सीमेवरील बुसिया येथे दोन चौक्यांमधले अंतर सायकलीवरून पार करून देणारे तरुण ‘बॉर्डर-बॉर्डर’ अशी हाळी देत, तिचाच हा अपभ्रंश. पुढे सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या. त्यांतील पुष्कळशा पुण्याच्या बजाजच्या ‘बॉक्सर’ आहेत. म्हणजे या गोष्टीत आपणही थोडे आलोच.

राजधानी कंपालात १४ आसनी टॅक्सी वाहतुकीत तासन्‌तास अडकून पडतात, आणि टेकड्यांच्या उतारावरील वस्त्यांत त्या पोहोचतच नाहीत. तेथे बोडावालाच मुलांना शाळेत सोडतो, केळ्यांचे घड बाजारात नेतो, ओळखीच्यांची उधारीही सांभाळतो. त्याच्या नाक्याला ‘स्टेज’ म्हणतात. स्टेजला अध्यक्ष असतो, नवख्याला तेथे उभे राहण्यासाठी पैसे भरावे लागतात, कुणाकडे मयत झाली तर वर्गणी निघते. खेड्यातून एकट्याने आलेल्या तरुणाला या नाक्यावर एक गाव सापडते.

आणि तरीही, मुलागो या तेथील मोठ्या सरकारी रुग्णालयात बोडाच्या अपघातांतील जखमींची रीघ थांबत नाही. मोडलेल्या एका पायापायी घराची कमाई बंद होते.

दोष कुणाचा? ‘बेदरकार पोरांचा’ हे उत्तर सोपे आहे; मला ते पुरेसे वाटत नाही. अनेकांची गाडी स्वतःची नसते. मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यायची, पेट्रोल भरायचे, त्यानंतर उरेल ती मजुरी. घाई त्या भाड्यातच भरलेली आहे. शिवाय मागे बसलेला ‘उशीर झाला, लवकर चल’ म्हणतो आणि भाड्यातही घासाघीस करतो. वेग आपण विकत घ्यायचा, आणि अपघात झाला की तो चालवणाऱ्याचा स्वभाव ठरवायचा! दोघांनी निदान धोका पत्करलेला असतो, एकाने गरजेपोटी, दुसऱ्याने सोयीपोटी. रस्ता ओलांडणाऱ्या पोराला मात्र कुणीच विचारलेले नसते.

मग बंदीच का घालू नये? २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या साथीत, युगांडाने बोडावर उतारू नेण्यास मनाई केली. खासगी मोटारीलाही जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागे. कळा सुरू झालेल्या स्त्रिया पायी निघाल्या. काही जणी वेळेत पोहोचल्याच नाहीत. एप्रिलमध्ये गरोदर स्त्रियांना परवानगीच्या अटीतून सूट मिळाली, बोडावर उतारू पुन्हा बसू लागले ते जुलैत. ज्या वाहनाने मुलागोच्या खाटा भरल्या, त्याच्याच अभावी प्रसूतिगृहाची वाट दुर्गम झाली.

शेजारच्या रवांडात, किगाली शहरात, चालकाच्या अंगावर क्रमांकाचे जाकीट असते आणि उतारूसाठी दुसरे हेल्मेट असते. तेव्हा हे अशक्य नाही. शासनाला मात्र नित्य लक्ष घालावे लागते. कंपालातही काही चालक दुसरे हेल्मेट बाळगतात. ते पुढे केले की उतारू पुष्कळदा मान हलवतो: आधीच्या माणसाच्या घामाचा वास येतो, केस विस्कटतात, आणि जायचे तर इथेच, पलीकडच्या वळणापर्यंत.