वानप्रस्थाचा पत्ता

मेळघाटाच्या माथ्यावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा आहे. अमरावतीत मे महिन्याचा पारा ४४-४५ अंशांवर अडून बसलेला असतो, तेव्हा तिथे रात्री पांघरूण ओढावे लागते. कोरकू आदिवासींना ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १८२३ साली ती कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, आणि मागून बंगले आले, कॉफीची झाडे आली. अमरावतीहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. तरीही नोकरी संपवून चिखलदऱ्याला कायमचा राहायला गेलेला वऱ्हाडी माणूस शोधूनच काढावा लागेल. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मोर्शी इथले मास्तर, तलाठी, एसटीचे कंट्रोलर, बँकेतले कॅशियर नोकरीची वर्षे भरली की येतात ते अमरावतीच्या साईनगरात, कठोरा रोडला, नाहीतर अकोल्याच्या कौलखेडात, गोरक्षण रोडला. म्हणजे उन्हात, धुळीत आणि नळ कोणत्या दिवशी येईल याच्या हिशेबात. थंड हवा, झाडी, शांतता हे सगळे हाकेच्या अंतरावर असताना माणसे नेमकी उलट दिशेला का जातात, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण म्हातारपणाबद्दल जे समजून बसलो आहोत, त्यातले बरेच चुकीचे असावे अशी शंका त्यातून येते.

मनुस्मृतीचा सहावा अध्याय वानप्रस्थाची वेळ सांगतो: अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि अपत्याला अपत्य झाले की गृहस्थाने वनात जावे. बायकोला मुलांच्या हवाली करावे किंवा सोबत न्यावे. तिला विचारावे, असे तिथे नाही. या व्यवस्थेचे आकर्षण आजही आहे. निवृत्तीच्या निरोप समारंभात एखादा वक्ता तरी वानप्रस्थाश्रमाचा उल्लेख करतोच. पण वऱ्हाडच्या भूमीवर ज्यांनी खरोखर घर सोडले, त्यांची वये पाहिली की वेगळेच दिसते. शेंडगावात जन्मलेल्या आणि दापुऱ्याला मामाकडे वाढलेल्या डेबूजीने १९०५ साली घर सोडले, तेव्हा त्याला तिशीही लागली नव्हती. पुढे गाडगेबाबा म्हणून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. त्याआधी सहाशे-सातशे वर्षे रिद्धपूरच्या वाटेला लागलेले महानुभाव पंथाचे चक्रधरही घराबाहेर पडले ते तरुणपणीच. वनाला, वाटेला, अनोळखी गावाला धड गुडघे लागतात, रात्री-अपरात्री न दुखणारी छाती लागते. ज्या वयात शास्त्राने वनात जायला सांगितले, त्या वयात शरीराला वस्तीची गरज सर्वांत जास्त असते.

मग वस्ती कोणती? वऱ्हाडातल्या निवृत्त माणसाला तीन ठिकाणे ओढत असतात: जन्मगाव, पुणे आणि जिल्ह्याचे शहर.

जन्मगावाची ओढ खरी आहे. रोमन लेखक सिसेरोने इसवीसनपूर्व ४४ मध्ये वार्धक्यावर लिहिलेल्या संवादात म्हातारा केटो शेतीच्या सुखाचे भरभरून वर्णन करतो. वेलीची वाढ पाहण्यात जे समाधान आहे त्याला उतारवयाची आडकाठी नसते, असा त्याचा भाव आहे. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग असलेला निवृत्त माणूस हे लगेच मान्य करील. पण पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की चित्र बदलते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन काळी, कसदार, पण खालचे पाणी खारे. ते ना पिकाला चालते, ना पिण्याला. इथे वावर असते, पण त्याच्याकाठी म्हातारपण काढण्याची सोय नसते. ते ठोक्याने दिलेले असते, वर्षाचे पैसे येतात आणि पोळ्याला एक फेरी होते. शिवाय मास्तरची सगळी नोकरी बदल्यांत गेलेली. ज्या गावाला ते ‘माझे गाव’ म्हणतात तिथे त्यांचे बालपण आहे, प्रौढपण नाही. सोबतचे निम्मे लोक गाव सोडून गेलेले असतात, आणि रात्री दोनला छातीत कळ आली तर तालुक्यापर्यंत नेणारी गाडी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

पुण्याची ओढ वेगळी. मुलगा हिंजवडीत, सून खराडीत कामाला, घर वाकडला किंवा वाघोलीला. रात्री अमरावती-अकोल्याहून सुटणाऱ्या स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये चढणाऱ्यांकडे पाहिले तर नोकरदार पोरांइतकेच पिशव्यांत पापड-कुरडया आणि ज्वारीचे पीठ भरलेले आजी-आजोबा दिसतील. नातू लहान असतो तोवर आजीची तिथे नितांत गरज असते. खरे तर निवृत्ती हा शब्द तिच्या वाट्याला आलेलाच नसतो. नवरा ५८ व्या वर्षी मोकळा होतो आणि ती साठीत पुन्हा सकाळी सहाला डबे, दूध, बसथांबा या कामाला जुंपली जाते. ती आनंदाने करते, हेही खरे. पण नातू शाळेत रुळला, की त्या बाराव्या मजल्यावर दुपार फार लांब होते. शेजारचे दार बंद, लिफ्टमध्ये अनोळखी चेहरे, बोलण्यातली ‘वऱ्हाडी’ लकब ऐकून होणारे कौतुकमिश्रित हसू. दोन दिवस आजी खाली उतरली नाही, तर घरच्यांखेरीज फार तर रखवालदाराच्या लक्षात येईल.

माझ्या मते उत्तर इथेच आहे. हवा, दवाखाना, महागाई, मुलाचे अंतर ही कारणे सगळे सांगतात आणि ती खोटी नाहीत. त्यांच्या खाली एक न बोललेले कारण असते: आपण दिसेनासे झालो तर ते कोणाच्या लक्षात येईल? निवृत्त माणूस असे ठिकाण निवडतो, जिथे त्याच्या नसण्याची दखल घेतली जाते.

अमरावती-अकोल्याचे लेआउट हे करतात, आणि फार चांगले करतात. नोकरीत असताना हप्त्याहप्त्याने प्लॉट घेतलेला असतो, बहुधा कर्मचाऱ्यांच्याच एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत. मुले बारावीला आली तेव्हा खाली दोन खोल्या पडल्या. निवृत्तीच्या वेळी चाळीस टक्क्यांपर्यंत पेन्शन विकून आलेल्या रकमेत वरचा मजला चढला. लेआउटच्या मध्यावर ओपन स्पेस असते, तिथे गजानन महाराजांचे किंवा मारुतीचे मंदिर, चार सिमेंटचे बाक. सकाळी फिरणाऱ्यांची टोळी, संध्याकाळी हरिपाठ, गुरुवारी ‘गजानन विजय’चे पारायण, बायकांची भिशी. एक दिवस खंड पडला की दुसऱ्या दिवशी फाटकातूनच आवाज येतो, “काहून बाप्पा, काल दिसले नाही?” सरकार वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला मागते. ओपन स्पेसवरचा बाक तो रोज मागतो.

हे केवळ वऱ्हाडाचे नाही. ज्या इंग्रजांनी चिखलदऱ्याला बंगले बांधले, त्यांनीही म्हातारपणाचे घर तिथे केले नाही. हिंदुस्थानात उमेदीची वर्षे घालवलेले अनेक अधिकारी इंग्लंडात परतल्यावर चेल्टनहॅमसारख्या गावांत एकमेकांच्या आसपास राहिले. आपल्या आयुष्याची गोष्ट ज्याला अर्ध्या वाक्यात कळते, असा शेजारी त्यांनाही हवा होता. साईनगरच्या बाकावर दोन निवृत्त केंद्रप्रमुख मेळघाटातल्या कुठल्याशा शाळेचा पावसाळा आठवतात, तेव्हा तेच चाललेले असते.

या सुखाला कडा आहेत आणि त्या लपवू नयेत. लक्ष ठेवणारी वस्ती पाळतही ठेवते; एकट्या राहणाऱ्या विधवेकडे कोण आले-गेले याचा हिशेब तिथे होतो. लेआउटमधला प्लॉट कोणाला मिळतो आणि कोणाला सौजन्याने नाकारला जातो, यात जात आणि धर्म अजून बोलतात. आणि ही सगळी चर्चा ज्यांना पेन्शन आहे त्यांचीच आहे. कापूस वेचण्यात आयुष्य गेलेल्या मजुरीण बाईला निवृत्तीची तारीख नसते. तिला ६५ नंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळाले तर मिळाले. त्यात जागा बदलण्याचा विचारही मावत नाही. तिच्या नसण्याची दखल गावातले शेजारी घेतात, तेवढेच.

पेन्शनीने एक मोठे काम केले आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पतीमागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनामुळे वऱ्हाडातल्या असंख्य स्त्रियांना पहिल्यांदा कुठे राहायचे हे ठरवता आले. मनूने जिला विचारले नव्हते, ती आता मुलाला फोनवर सांगते, “माय माझी, मी इथंच बरी हाय, दिवाळीत तुम्हीच या.” हा नकार देण्याचे बळ बँकेच्या पासबुकातून येते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारी सेवेत लागलेल्यांना ही जुनी पेन्शन राहिली नाही. मार्च २०२३ च्या संपात लाखो कर्मचारी रस्त्यावर आले ते त्याचसाठी. त्या पिढीची माणसे निवृत्त होऊ लागतील तेव्हा किती जणींना असे ‘इथंच बरी’ म्हणता येईल, याची मला खरोखर चिंता वाटते.

वन हवेच असेल तर अमरावतीने त्याचाही एक नमुना दाखवला आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली शहराबाहेरच्या माळावर कुष्ठरोग्यांसाठी तपोवन सुरू केले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ज्यांच्या नसण्याने घरच्यांना सुटल्यासारखे वाटत होते, अशा माणसांची त्यांनी वस्ती वसवली, आणि स्वतःचे उरलेले आयुष्य तिथे घातले. असे करणारे थोडेच असतात. पण त्याची लहान रूपे पुष्कळ दिसतात: अकोल्याहून रेल्वेने शेगावला जाऊन संस्थानात सेवाधारी म्हणून ठरावीक दिवस राबणारे निवृत्त लोक, ओपन स्पेसवर मुलांना फुकट गणित शिकवणाऱ्या बाई. ज्यांना असे काम सापडते ते पुणे की अमरावती या वादात फारसे पडत नाहीत, असे मी पाहत आलो आहे.

शेवटचा टप्पा मात्र सगळ्यांना सारखाच अवघड. दोघांतले एक जाते, दुसऱ्याला जिना चढवत नाही, मुलगा येऊन सामान बांधतो आणि घर विकायला निघते. भिंतीवरच्या खुणा, अंगणातला कढीपत्ता, सगळ्यासकट. घेणारा बहुतेक वेळा दर्यापूरकडून किंवा अकोटकडून आलेला, निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे उरलेला मास्तर असतो. तो खोल्या नंतर पाहतो. आधी विचारतो नळ किती दिवसांनी येतो, दवाखाना किती लांब आहे, आणि सकाळी मंदिराजवळ कोण कोण बसते.